पाचवा स्टार

मी काय काम करते हे माझ्या आईने आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही. मालवणात आमच्या दारात मासे घेऊन येणारी विचारते, "चेडू खंय असता गो आता?" की आईचं ठरलेलं उत्तर, "आसा थंय कुडाळाक. गाडयेच्या शोरूमात कंप्युटरार बसता. काय खरा नाय ताचा." हे 'काय खरा नाय' कानावर पडलं की माझं डोकंच सटकायचं. अहो, पुण्यातली नोकरी सोडून, फक्त हिच्याजवळ राहायला मिळावं म्हणून मी इकडे आले. रोज नेरूरपारचा पूल ओलांडून स्कूटरने कुडाळ गाठते, संध्याकाळी परत येते. आणि हिच्या तोंडून पोरीबद्दल एक बरा शब्द निघेल तर शपथ!

काम तसं सांगायला सोपं आहे. आमच्या शोरूमबद्दल लोक इंटरनेटवर जे बरंवाईट लिहितात ते मी वाचते. प्रत्येकाला उत्तर देते. कोणी रागावला असेल तर फोन करून समजूत काढते, आणि कोणी निव्वळ खोटं किंवा खोडसाळ लिहिलं असेल तर तक्रार करून ते काढायला लावते. तसले नमुने काय कमी नसतात. एका पर्यटकाने आम्हाला एक स्टार दिला होता, कारण 'मासे शिळे होते, सोलकढी पाणचट'. बाबा रे, ती खानावळ शेजारी, आम्ही गाड्या विकतो! दुसऱ्या एकाची तक्रार अशी की शोरूममधून समुद्र दिसत नाही. मी त्याला नम्रपणे लिहिलं की समुद्र मालवणला आहे, आणि गाडी घेतलीत तर तासाभरात पोचाल. मालक म्हणाले, जरा गोड लिहीत जा. मी म्हटलं, हे गोडच आहे.

पण खरी डोकेदुखी ह्या एक स्टारवाल्यांची नव्हतीच. ती होती चार स्टारवाल्यांची.

कंपनीचा एक अजब नियम आहे. पाच स्टार म्हणजे गिऱ्हाईक खूश. चार म्हणजे नाराज. मध्ये काही नाही. आणि आमच्याकडे बघावं तर चार, चार, चार. बरं, लिहिलेलं वाचाल तर गहिवरून येईल. 'गाडी सोन्यासारखी आसा. शोरूममधली माणसा म्हणजे देवमाणसा. चाय पण बरी.' आणि खाली चार स्टार! 'घरच्या लग्नात करणत नाय इतका आदरातिथ्य केल्यानी.' चार स्टार! मी त्या पडद्यासमोर कपाळावर हात मारून बसायची.

त्यातच पुण्याहून कंपनीच्या साहेबांचा निरोप आला. हे साहेब आमच्या भागातल्या सगळ्या शोरूमवर देखरेख करतात. सिंधुदुर्गातलं गिऱ्हाईक एवढं नाराज असेल तर इथे शोरूम ठेवण्यात अर्थ नाही, असं त्यांचं म्हणणं. दिवाळीनंतर ते स्वतः बघायला येणार. सुधारणा दिसली नाही तर गाड्यांची विक्री कोल्हापूरकडे जाणार, इथे नुसतं दुरुस्तीचं काम राहणार. दुरुस्तीवाल्यांना माझा काय उपयोग? मला कोल्हापूरला जागा देऊ असं मालकांनी सांगितलं. म्हणजे घाट चढून पुन्हा भाड्याची खोली, डबा, आणि महिन्यातून एकदा आईचं तोंड. आईला मी काही बोलले नाही.

मालकांनी त्यांच्या परीने उपाय सुचवला. म्हणाले, मुंबईला माझे भाचे-पुतणे ढीगभर आहेत, एका रविवारी बसून सगळे पाच-पाच स्टार टाकतील. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यांनी आमची गाडी बघितलेली नाही ते लिहिणार, आणि मी त्यांना 'आपल्या अनुभवाबद्दल धन्यवाद' म्हणून उत्तर देणार? मी सरळ सांगितलं, असलं काही केलंत तर मी कोल्हापूरलाही जाणार नाही आणि इथेही राहणार नाही. मालक भले गृहस्थ आहेत, पुन्हा विषय काढला नाही.

मग मी एकेका चार स्टारवाल्याला फोन लावायला घेतले. पहिले लागले खारेपाटणचे एक काजू बागायतदार काका.

"काका, गाडीचा काही त्रास?"

"छ्या! गाडी लोण्यासारखी चलता."

"मग आमच्या माणसांचं काही चुकलं?"

"नाय गो बाय. तुमची माणसा सोन्यासारखी."

"मग एक स्टार का कापलात?"

काका खाकरले. म्हणाले, "रवांदे एक." राहू दे म्हणे एक! आणि काजूच्या मोहराची चौकशी केल्यासारखं माझ्या आईची तब्येत विचारायला लागले. पुढच्या फोनवर तेच. त्याच्या पुढच्यावर तेच. सगळे खूश, सगळे गोड, आणि त्या एका स्टारचं नाव काढलं की जो तो दुसरंच बोलायला लागे. माझी तर मतीच गुंग झाली.

त्या संध्याकाळी मी घरी आले तर शेजारच्या काकी अंगणात आईशी गजाली मारत बसलेल्या. त्यांनी विचारलं, "चेडवाक बरी नोकरी गावली मां?" आणि आईने ठेवणीतलं काढलं, "खंयची बरी! काय खरा नाय." काकी गेल्यावर मी आईवर कडाडले. म्हटलं, जगात दुसऱ्यांच्या आया पोरींचं कौतुक करतात, तुला काय धाड भरलीय?

आई शांतपणे नारळ सोलत होती. म्हणाली, "मेल्ये, सगळा बरा बरा सांगलंय तर दिष्ट लागात ना तुका."

मी चप्पल पायात तशीच ठेवून पायरीवर बसले. दिष्ट! सोन्यासारखी गाडी, देवमाणसं, फक्कड चहा, एवढं सगळं जगासमोर लिहायचं आणि वर पाचच्या पाच स्टार ठोकायचे? कुणाची नजर लागली म्हणजे? म्हणून एक राखून ठेवायचा. बाळाच्या गालावर काजळाचा ठिपका देतात ना, ती तीट. हे लोक नव्या गाडीला तीट लावत होते! आणि कंपनी तिकडे पुण्यात बसून त्याला नाराजी म्हणत होती. मी ह्याच गावात वाढलेली, मला हे कळायला एवढे दिवस लागले ह्याचं मला हसूच आवरेना. आई म्हणाली, "खुळावलंस की काय?"

मी तिला सगळं सांगून टाकलं. कोल्हापूरचंही. ते ऐकताना तिचा कोयता थांबला. रात्री जेवणं झाल्यावर तिने एरंडेलाचा दिवा लावला, त्यावर ताटली उपडी धरली आणि काजळ धरायला बसली. सकाळी डबी माझ्या हातात दिली. "तीट तुम्हीच लावा गाडयेक," म्हणाली. "मगे कोण कशाक कापतलो?"

झालं, आमच्याकडे नवी पद्धत सुरू झाली. गाडी ताब्यात देताना हार, नारळ, पेढे हे होतंच. आता मी स्वतः बोटावर काजळ घेऊन मागच्या नंबरप्लेटच्या कोपऱ्याशी, सहज दिसणार नाही असा ठिपका द्यायची आणि गिऱ्हाइकाला बोलावून दाखवायची. "काका, हे बघा, तीट आम्ही लावली. आता लिहिताना हात आखडू नका." माणसं इतकी खुलायची! एक आजोबा तर म्हणाले, पोरी, तू आमच्यातलीच गो. आणि पाच स्टार यायला लागले. रोज नाही, सगळ्यांचे नाहीत, पण येऊ लागले.

दिवाळी झाली आणि साहेब आले. नेमकं त्याच दिवशी तारकर्लीच्या एका मावशींना गाडी द्यायची होती. मावशींनी हयातभर मासे विकले. आता मुलाने घराजवळ पर्यटकांसाठी खोल्या काढल्या होत्या, माणसांना स्टेशनवरून आणायला गाडी घेतली. सगळं घरदार टेम्पो करून आलेलं. पांढरीशुभ्र गाडी, झेंडूच्या माळा, मावशींच्या अंगावर नवं लुगडं. माझा ठिपका देऊन झाला होता, मावशींनी तो डोळे भरून बघितला होता. साहेब गाडीला एक फेरी मारून मागे आले, वाकले, आणि त्यांचा चेहराच पालटला.

"हा डाग कसला? नव्या गाडीवर डाग? हेच, ह्याचसाठी गिऱ्हाईक नाराज असतं तुमचं!"

मी "साहेब, थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि खसाखसा पुसलं. "निघाला!" म्हणाले, आणि विजयी मुद्रेने मावशींकडे वळले.

मग मावशींचा आवाज असा निघाला की बंदरावर ऐकू गेला असेल. "शिरा पडो तुझ्या तोंडार! तीट पुसलंस? माझ्या गाडयेची तीट पुसलंस?" त्यांनी चावी टेबलावर आपटली. "व्हरूची नाय ही गाडी! चला रे!"

मालकांना घाम फुटला. साहेब बावचळून एकदा रुमालाकडे, एकदा मावशींकडे बघत होते. माझ्या डोळ्यांसमोर मात्र कोल्हापूरची खोली उभी राहिली, आणि भीतीने गप्प बसावं तर मला उलटा संतापच आला. मी साहेबांना म्हटलं, "तो डाग नव्हता. आमच्याकडे नजर लागू नये म्हणून लावतात तो. तुमचे ते चार स्टारसुद्धा त्यासाठीच होते. नाराज कोणीच नव्हतं इथे. आज पहिल्यांदा कोणीतरी नाराज झालंय, आणि ते तुम्ही केलंय."

मालकांनी डोळेच मिटले. साहेबांनी रुमालाची घडी घालून खिशात ठेवली. मग हळूच म्हणाले, "आता काय करायचं?"

उत्तर मावशींनी दिलं. "ज्येना पुसल्यान, त्येनाच लावूक व्हयी."

मी आईची डबी पुढे केली. साहेबांनी बोट बुडवलं, ते जरा जास्तच बुडलं, आणि नंबरप्लेटजवळ चांगला आवळ्याएवढा गोळा उमटला. थोडं त्यांच्या पांढऱ्या बाहीलाही लागलं. मावशी म्हणाल्या, "बरा झाला, तुकाव लागली." मग मावशींच्या नवऱ्याने नारळ हातात धरून देवाला गाऱ्हाणं घातलं. "बा म्हाराजा, ह्या पुण्याच्या पाव्हण्यान नकळत चुकी केल्यान, ती पोटात घाल, म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो, "व्हय म्हाराजा!" "ह्या गाडयेक वाटेत कसलो त्रास होऊक देव नको, म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" तिसऱ्या वेळी बघते तर साहेबही हात जोडून 'व्हय म्हाराजा' म्हणत होते. मावशींनी मुलाला तिथेच फोन काढायला लावला आणि मोजून पाचही स्टार दाबून घेतले.

महिन्याभराने पुण्याहून कळवलं, शोरूम आहे तिथेच राहणार. आमच्या तपासणीत सगळ्या रकान्यांत पूर्ण गुण होते, फक्त 'कर्मचाऱ्यांची बोलण्याची पद्धत' ह्यात कापले होते. मालक म्हणाले, तीट समज. मी म्हटलं, तीट कसली, सूड आहे तो! पण त्या दिवशी मला राग काही नीट येईना. घरी जाऊन आईला मिठी मारली. "रवलंय गो मी, हयसरच," म्हटलं. ती म्हणाली, "बरा. हात धू, जेवूक बस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कंप्युटर उघडला. नवे चार-पाच अभिप्राय, सगळे पाच स्टारचे, आणि मध्येच फक्त दोन स्टारचा एक. पुढे लिहिलेलं, 'मालक बरो. चाय बरी. थंयसर एक चेडू कंप्युटरार बसता. काय खरा नाय ताचा.'

माझा पारा चढला. हा कोण टिकोजीराव माझ्याबद्दल लिहिणारा? आणि मग मी नावाशेजारचा फोटो बघितला. नाव काही भलतंच होतं, पण फोटो जास्वंदीचा होता. आमच्या विहिरीजवळची जास्वंद. मीच काढून आईच्या फोनवर ठेवलेला.

मला एकदम रडूच फुटलं. मालक धावत आले, माझ्या खांद्यावरून त्यांनी वाचलं आणि भडकले. "कोण हा हलकट? तक्रार कर, आत्ताच्या आत्ता काढून टाकू."

मी डोळे पुसले. म्हटलं, "रवांदे एक."