कसालच्या यार्डातला दुसरा माणूस

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून जातो. आजही जातो... तरी हे लिहितोय, कारण डोक्यातून जात नाही.

कसालपासून थोडं आत, माळावर पेव्हर ब्लॉकचं यार्ड आहे. मी तिथे फोर्कलिफ्ट चालवतो. माझ्याआधी तीच गाडी माझा दादा चालवायचा. एकदा चाक खड्ड्यात गेलं, गाडी कलंडली, दादाने उडी मारली आणि गाडी त्याच्यावरच आली. दादा जागीच गेला. "उडी मारल्यान, तेचीच चूक," मालक म्हणाले. जमीन सपाट केली नाही, तुटलेला सीटबेल्ट बदलला नाही — जागेच्या राखणदाराला मात्र दरवर्षीसारखा नारळ ठेवून, सगळ्यांना सांभाळ म्हणून गाऱ्हाणं घातलं! इतकी चीड आली की मी प्रसादाला हात लावला नाही. पण घरात आई होती, म्हणून त्याच गाडीवर बसलो.

पावसाळा नुकताच संपला होता. भर दुपारी ब्लॉक उचलून वळत होतो, तेवढ्यात भराव खचला आणि गाडी उजवीकडे झुकली. गाडी उलटताना उडी मारायची नाही, स्टिअरिंग घट्ट धरून बसायचं — हे मला पाठ आहे. पण जिवावर बेतलं की पाठ केलेलं कसलं आठवतंय! मी अर्धा उठलोच... आणि मागून दोन हातांनी खांदे दाबून मला खाली बसवलं. गाडी आडवी झाली. मला नुसतं खरचटलं.

माल न्यायला आलेला ट्रकवाला धावत आला. "तुका पाठसून धरल्यान तो मानूस खंय गेलो रे?"

जेसीबीने गाडी उचलून सगळ्यांनी खाली दुसरा माणूस शोधला. कोणीच नव्हतं. सीटच्या मागे माणूस उभा राहील एवढी जागाच नसते.

आई म्हणते, "तुझ्या दादानच धरल्यान तुका." एवढं बोलून ती डोळे पुसते. मालक तर खूशच. "राखणदार जागो आसा रे! आता जमीन सपाट कित्याक करूक होयी?" खड्डे अजून तसेच आहेत.

कोण होतं ते मला खरंच सांगता येत नाही. पण राखणदारच असेल, तर त्याच जागेवर, त्याच गाडीत... माझ्या दादाला का नाही धरलं?