दोन्ही पानांना होकार

जयपूरच्या एका मुलींच्या कॉलेजात मी साहाय्यक ग्रंथपाल म्हणून लागले, तेव्हा मला वाटलं होतं, दिवसभर पुस्तकांवरची धूळ झटकायची. धूळ होतीच. पण खरं काम होतं ते 'पक्ष-विपक्ष'चं. देशापुढचा एखादा वादाचा प्रश्न घ्यायचा, दारूबंदी म्हणा, सहकारी शेती म्हणा, आणि विद्यार्थिनींसाठी त्यावर हिंदीत टिपण तयार करायचं. डाव्या पानावर बाजूने, उजव्या पानावर विरोधात, दोन्हींची लांबी सारखी. स्वतःचं मत कुठेही डोकावता कामा नये. वादविवाद स्पर्धा जवळ आली की मुली त्या फायलींवर तुटून पडायच्या. दुसऱ्या कॉलेजांचे ग्रंथपालही नकला मागून न्यायचे, पार अजमेरपर्यंत आमची टिपणं गेली होती. हे सांगताना आजही माझी मान आपोआप ताठ होते.

आमचे मुख्य ग्रंथपाल जयपूरचेच, हळू बोलणारे आणि भलते कडक. त्यांचा एक नियम होता. टिपण झालं की प्रत्येक पान त्या मताच्या खऱ्या माणसाला वाचायला द्यायचं. "हेच माझं म्हणणं" असं तो म्हणाला, की पानाच्या कोपऱ्यात त्याची सही घ्यायची. लिहिणाऱ्याने सही करायची नाही. दोन सह्या नसतील, तर टिपण कपाटात जायचं नाही.

मला स्वतंत्रपणे पहिलं टिपण मिळालं ते हुंडाबंदीच्या कायद्यावर, आणि तेही नेमकं तेव्हाच! बाबा केंद्र सरकारच्या कचेरीत, बदली होऊन जयपूरला आलेले. सांगलीकडचं एक स्थळ मला सांगून आलं होतं आणि त्या मंडळींनी गोड शब्दांत हुंडा मागितला होता. आठवड्याभरात उत्तर द्यायचं होतं. आई म्हणत होती, माझ्या पाटल्या मोडू. मी म्हणत होते, त्यापेक्षा ही बोलणीच मोडा. बाबा वर्तमानपत्रात तोंड घालून बसलेले.

डावं पान मी एका बैठकीत लिहून काढलं. उजवं दातओठ खात लिहिलं. पण त्यावर सही कुणाची घ्यायची? कॉलेजात एकही प्राध्यापिका तयार होईना. आपापल्या घरी देणंघेणं सगळं चालू, सहीची वेळ आली की सगळ्या सुधारक! शेवटी नाइलाजाने रविवारी दुपारी ते पान आईपुढे धरलं.

आई तांदूळ निवडत होती. हात पुसून तिने चष्मा लावला आणि हिंदी शब्द लावत लावत सगळं वाचलं.

"हे माझं नाही," ती म्हणाली. "अगं, मी इतकी मूर्ख आहे का? हे तू मला गप्प बसवायला लिहिलंयस."

माझं डोकं फिरलं. "मग तूच सांग ना!"

"सांगते. भावांना जमीन मिळाली. मला काय मिळालं? या पाटल्या. लग्नात दिल्या म्हणून मिळाल्या, नाहीतर बापाच्या घरातली काडीसुद्धा माझ्याकडे आली नसती. तुझे बाबा आजारी पडून घरी होते, तेव्हा याच गहाण टाकून चूल पेटली. मतलब, तुमचा कायदा म्हणतो देऊ नका. मग मुलीला तिचा वाटा कोण देणार?"

"वाटणीचाही कायदा झालाय, आई."

"कागदावर झालाय. कुठल्या भावाने दिला ते दाखव."

मी पान घेऊन आत गेले आणि उजवं पान पहिल्यापासून लिहिलं. या वेळी ती वाचताना मध्येच थांबली, बांगड्यांमागच्या पाटल्या उगाच चाचपल्या आणि म्हणाली, "हं. हे मी म्हणाले." मग तिने एकेक अक्षर घोटून सही केली.

बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "बघू." त्यांनी दोन्ही पानं वाचली. "डाव्या पानावर सही कुणाची?"

"कुणाचीच नाही अजून. त्या बाजूचं माणूस शोधायचंय."

त्यांनी खिशातलं पेन काढलं. "शोधायचं काय त्यात?" आणि सही ठोकली. मग आईकडे वळून म्हणाले, "सांगलीला उद्या नकार कळवतो. हुंडा मागणाऱ्या घरात आपली मुलगी द्यायची नाही."

आता भांडण पेटणार, असं वाटून मी पदर खोचला. आई उठली, हाताला तेल चोळलं आणि पाटल्या उतरवायला लागली. निघता निघत नव्हत्या. मग माझा हात ओढून तिने त्या माझ्या मनगटात चढवल्या.

"मोडायच्या नाहीत ना आता? मग घाल. हा हुंडा नव्हे. माझ्याकडचा तुझा वाटा."

मी तांदळाच्या ताटाशेजारी बसून ढसाढसा रडले. आई म्हणाली, "बाजूला हो, तांदूळ भिजतील."

सोमवारी मुख्य ग्रंथपालांनी टिपण दोनदा वाचलं. "बेटी, आप खुद किस तरफ़ हैं, पता ही नहीं चला," ते म्हणाले. यापेक्षा मोठी शाबासकी त्यांच्याकडे नव्हती. मग त्यांचं लक्ष कोपऱ्यांकडे गेलं. "दोनों दस्तख़त एक ही घर के?"

"जी," मी म्हटलं. इतक्या अभिमानाने मी तो शब्द आयुष्यात पुन्हा कधी उच्चारला नसेन.

त्यांनी स्वतः फायलीची फीत बांधून ती कपाटात ठेवली. दुपारी जयपूरजवळच्या चौमूंहून बसने येणारी एक मुलगी आली आणि हुंड्यावरचं पक्ष-विपक्ष आहे का, म्हणून विचारू लागली. मी हात वर करून फाईल काढली. पाटल्या मला अजून सैल होत होत्या. त्या कोपरापर्यंत घसरल्या.