पुरे म्हणजे किती?

आमच्या मालवणात ‘पुरे’ या शब्दाला काही किंमत नाही. पाहुणा पानावर आडवा हात धरून ‘पुरे, पुरे’ म्हणतो, तेव्हा त्याच्या बोटांच्या फटीतून आणखी डावभर कढी सोडायची, ही आमची रीत. पहिल्या ‘पुरे’ला थांबणारं घर वाडीत चिक्कू ठरतं. मी या रीतीत पन्नास वर्षं मुरलेला माणूस. त्यामुळे त्या दुपारी बायको ‘पुरे’ म्हणाली तेव्हा मी काय केलं असेल, हे आमच्याकडच्या कुणाला वेगळं सांगावं लागणार नाही. लाज वाटते ती म्हणूनच जास्त.

मुलगी नोकरीला पुण्याला गेली आणि घरात आम्ही दोघं आणि माझी आई एवढेच उरलो. एकदा पडवीत कोकमाची सोलं वाळत घालताना बायको म्हणाली, तिला डोळे बांधून बघायचंय. डोळे बांधायचे, हात सैलसर बांधायचे आणि अंगाला काय लागतंय ते न बघता नुसतं जाणवू द्यायचं. मोरपीस, कोमट खोबरेल, बर्फ. तिनं फोनवर वाचलं होतं. राजीखुशीनं असं करणारी पुष्कळ माणसं असतात म्हणे. दुसऱ्या भाषांत याला चांगली नावं असतील. आमच्या घरात ‘चाळे’ एवढा एकच शब्द, आणि तोही आईच्या तोंडचा.

“ह्या वयात?” मी विचारलं.

“मगे कदी? वर गेल्यार?”

पुढं एकदा आई मसुऱ्याला मावशीकडे गेली आणि आम्ही भर दुपारी दार लावून घेतलं. एका ओढणीनं डोळे, दुसरीनं मनगटं. मोरपिसाला ती खुदखुदली. खोबरेलाला “बरा वाटता” म्हणाली. एवढ्या कौतुकावर मी स्वतःला मोठा कलावंत समजायला लागलो. मग बर्फ. मानेवरून खाली पाठीवर. ती म्हणाली, “पुरे.”

“इतक्यात?”

“पुरे, ओ.”

“मेल्या बर्फाक काय भियातंस? जरासो आजून. माज्यासाठी.”

‘माज्यासाठी’ हे मी खरोखर बोललो. पंक्तीत बोलतात तसं, हसत, लाडीगोडीनं. तिसऱ्यांदा तिचा आवाज पार निराळा आला, तेव्हा कुठं मी डोळ्यांवरची ओढणी सोडवली. डोळे भरलेले होते. मनगटाची गाठ बर्फाच्या पाण्यानं घट्ट बसली होती. ती सोडवायला मला बराच वेळ लागला.

संध्याकाळी चहाचा कप पुढं ठेवत म्हणाली, “पानार आडवो धरूक माका हात खंय होतो?”

नंतर ती रागावली वगैरे नाही. मासे आणले, आईच्या गोळ्या आणल्या, शेजारणीशी भांडणसुद्धा नेहमीसारखं झालं. फक्त मी मागून आलो की तिची पाठ किंचित ताठ व्हायची. तिला ते कळतही नसावं. मला कळायचं. त्यानंतर कुणी ‘पुरे’ म्हटलं की माझा हात जागीच थिजायला लागला. मेहुणा जेवायला आला, सवयीनं ‘पुरे’ म्हणाला आणि मी डाव मागं घेतला. तो अर्धपोटी उठला. जाताना बहिणीला म्हणाला, “भावोजी हल्ली हात राखून वाढतत.”

ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी, भेटणारी माणसं तिनंच फोनवर शोधली. याच नादाची, आपल्याच जिल्ह्यातली चार जोडपी. पहिली भेट चारचौघांत, चहाला, हा त्यांचा नियम. आईला सांगितलं, कचेरीत काम आहे. ओरोसला जाणाऱ्याला कसलं काम म्हणून कुणी विचारत नाही आणि ते झालं का, हे तर नाहीच नाही. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून बायकोनं पाव किलो गुळाचं खाजं घेतलं. एसटीत मी ते मांडीवर धरून बसलो होतो, मुलगी बघायला निघाल्यासारखा.

चहा झाल्यावर त्यांच्यातल्या एका बाईंच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलो. बाई घाटावरच्या, निवृत्तीला आलेल्या. मला वाटलं होतं काय काय बघायला मिळेल. पण कपाटावर सत्यनारायणाचं तबक होतं आणि पुढ्यात चिवडा आला. सगळा वेळ बोलणंच. गाठ कापायला बोथट टोकाची कात्री हाताशी ठेवायची. दारू घेऊन असलं काही करायचं नाही. नंतर पाणी, पांघरूण आणि जवळ बसणं. आणि थांबण्यासाठी दोघांत ठरलेला एक शब्द हवा.

तेव्हा बायकोनं बर्फाची गोष्ट सांगितली. सगळी, ‘माज्यासाठी’सकट. मी चिवड्यातले शेंगदाणे निवडत राहिलो.

बाईंनी मला विचारलं, “आमच्याकडे नको म्हटलं की नको. तुमच्याकडे काय म्हटलं की नको होतं?”

जमलेल्यांतले तळेऱ्याचे दुकानदार माझ्या मदतीला धावले. “आमचो शब्द गतिरोधक. हायवेवाले ना आमी!”

“तो उच्चारीपर्यंत गाडी फुडे जाता,” त्यांची बायको म्हणाली.

माझी बायको थोडा विचार करून म्हणाली, “तलाठी.”

सगळे हसले. ज्याच्या नावावर चार गुंठे जमीन आहे त्याचे हातपाय या शब्दानं गार पडतातच. मीही हसलो, पण ती हसत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

त्यानंतर बरेच दिवस काही नाही. मग एका दुपारी, आई भजनाला गेली असताना, तिनं स्वतःच डोळ्यांवर ओढणी बांधली. हात मोकळे ठेवले. मी मोरपीस टेकवलं न टेकवलं तोच म्हणाली, “तलाठी.”

मी मागं झालो. “काय झाला गो? लागला?”

“नाय. बगूक होया होता.”

थोड्या वेळानं परत तेच. मग परत. दर वेळी मी दोन्ही हात वर करून पलंगापासून लांब, हवालदारानं धरल्यासारखा. मनात जरा अपमानही वाटला. आणि तो वाटला याचीच शरम जास्त वाटली. ती तपासत होती आणि तिला तपासावं लागत होतं ते माझ्यामुळेच.

शेवटी तिनं ओढणी वर सरकवली, मला नीट न्याहाळलं आणि दोन्ही मनगटं जुळवून माझ्यापुढं धरली.

“बांदा.”

मला ती ओली गाठ आठवली.

“नको,” मी म्हटलं. “आज नको.”

तिनं हात तिथल्या तिथं मागं घेतले. आग्रह केला नाही, का तेही विचारलं नाही. उठून माझ्यासाठी पाणी घेऊन आली आणि मी पिईपर्यंत शेजारी बसून राहिली. इतकं सोपं होतं ते.