आधी भिंत, मग रिंग

प्रॅक्टिस संपली की बूट उलटे करून झटकायचे, आणि तरी घरी गेल्यावर फरशीवर जांभ्याची लाल माती सांडतेच. किस्स्यांचंही तसंच! रत्नागिरीत शाळेच्या मुलींना बास्केटबॉल शिकवायला लागल्यापासून माझ्याकडे ते इतके साठलेत की कुठेही बसले की चार सांडतात. त्यातले काही आठवले की आधी हसू येतं. मग कोर्ट रिकामं वाटायला लागतं.

*

आमच्याकडे येणारी प्रत्येक मुलगी मोबाइलवर रील बघून आलेली असते. पहिल्या दिवशी पहिला प्रश्न, "ताई, थ्री पॉइंटर कधी?"

मी शाळेची भिंत दाखवते. "आधी ही. छातीपासून पास. भिंतीवर आपटून बॉल सरळ हातात परत आला पाहिजे."

महिनाभर हेच. रिंगकडे बघायचंसुद्धा नाही! शेवटी श्रुतिकाची आई मिरकरवाड्याहून तडक ग्राउंडवर आली.

"मॅडम, पोरगी रोज भिंतीसोबत खेळून येते. टीममध्ये भिंतीला घेणार काय तुम्ही?"

*

पावसाळ्यात कोर्टावर शेवाळ धरतं. मग आम्ही व्हरांड्यात, तेही बॉलशिवाय. एक पाय एका लादीवर रोवायचा आणि दुसऱ्या पायाने चहूकडे वळायचं. हा पिव्हट. मग लेअप, म्हणजे रिंगखाली जाऊन मारायचा शॉट. बॉल हातात धरून दोन पावलं आणि उडी. तिसरं पाऊल पडलं की बास्केट बाद!

नाझनीन आमची कॅप्टन, दहावीतली. ती प्रत्येकीच्या पायांशी उकिडवी बसायची आणि ओरडायची, "पाऊल जास्ती झालं गो! परत!"

एकदा मुख्याध्यापिका बाई येऊन थांबल्या. बराच वेळ कौतुकाने बघून म्हणाल्या, "छान बसवलंय हो. गॅदरिंगला ठेवू या. गाणं कुठलं घेतलंय?"

*

आमच्या कोर्टात जागोजागी खडे वर आलेत. बॉल सरळ आपटावा, तर तो निघतो गुहागरला! म्हणून आमच्या मुली ड्रिबल कमी करतात, पास जास्त.

एकदा लोट्याहून एक टीम आली. उंच मुली, नवेकोरे बूट, ड्रिबल तर असं की बघत राहावं. पण पाच मिनिटांत त्यांचा बॉल त्यांच्या हातात राहीना. त्यांचे सर वैतागून म्हणाले, "अहो, हे कोर्ट दुरुस्त का नाही करत तुम्ही?"

मी काही बोलायच्या आत नाझनीन म्हणाली, "नको सर. ही आमची सहावी प्लेअर आहे."

*

माझं खरं दुखणं वेगळं आहे. पाया पक्का होतो तोवर दहावी येते. मग कुणी पुण्याला, कुणी मुंबईला. मला एकदा, फक्त एकदाच, पाया पक्का झालेल्या पाच जणी पुढच्या वर्षीही एकत्र खेळताना बघायच्यात. हे काय फार मागणं झालं?

गेल्या वर्षी जमेल असं वाटलं होतं. नाझनीनचे अब्बा दोहाला नोकरीला. परीक्षा झाली की सगळं घर तिकडे जाणार होतं. पण ते मला फोनवर म्हणाले, "मॅडम, टीम जिल्हा जिंकून विभागाला गेली, तर अजून एक वर्ष राहू दे तिला तिथेच, खालाकडे, तिच्या मावशीकडे."

जिल्ह्याची फायनल. आम्ही एका पॉइंटने मागे, शेवटचे काही सेकंद, बॉल नाझनीनकडे. दोघी तिच्या अंगावर. तिने पाय रोवला, वळली, आणि बॉल श्रुतिकाला दिला! श्रुतिका रिंगखाली एकटी. दोन पावलं, उडी. बॉल रिंगवर फिरला, फिरला आणि बाहेर पडला. शिट्टी.

मी धावत गेले. "तू का नाही मारलास? तुझा शॉट होता तो!"

नाझनीन बाहीने घाम पुसत होती. म्हणाली, "ती मोकळी होती ना, ताई."

मे महिन्यात ते सगळे दोहाला गेले.

*

गेल्या आठवड्यात प्रॅक्टिसच्या वेळी तिचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे घराजवळ कोर्ट आहे म्हणे, गुळगुळीत. "ताई, इथे बॉल कुठे जाणार ते आधीच कळतं. मजाच नाही!"

मुलींनी फोन माझ्या हातातून हिसकावला. गलका नुसता. श्रुतिका मात्र बोलायला पुढे आली नाही. तिने फोन घेतला, पाण्याच्या बाटलीला टेकवून रिंगसमोर उभा केला आणि बॉल घेऊन मागे गेली. फायनलला जिथून चुकला होता, त्याच जागेवर.

धावली, उडी मारली, बॉल जाळीतून खाली! सगळ्या किंचाळल्या. मीसुद्धा.

फोनमधून नाझनीन म्हणाली, "पाऊल जास्ती झालं गो. परत!"

श्रुतिकाने बॉल उचलला. परत मागे जाण्याआधी ती फोनपाशी वाकली आणि तो जरासा खाली कलता केला, पाय नीट दिसावेत म्हणून.