रिकामा आण, भरलेला ने

बसवणप्पांच्या गल्ल्याशेजारी खिळ्याला एक दाभण टांगलेलं असायचं. पोती शिवायचं दाभण, पण त्याला अप्पांनी स्वतः बाभळीची मूठ बसवलेली. दुकान जळकोटचं. बियाणं, खत आणि फवारणीची औषधं. गिऱ्हाईक यायचं, टोपी सारखी करायचं आणि म्हणायचं, "अप्पा, तणनाशक द्या, पाच लिटर."

"रिकामा आणला का?"

"इसरलो की."

"मग मी बी द्यायचं इसरलो."

आणि अप्पा वर्तमानपत्रात तोंड घालायचे. गिऱ्हाईक चिडायचं, "शेजारचा देतो की गुमान" म्हणायचं. अप्पा मान न काढता बोलायचे, "शेजारी शाना हाय. त्याच्याकडं जा. रिकामा आण, भरलेला ने. आपल्या दुकानाला दुसरा कायदा न्हाई."

रिकामा डबा आला की अप्पा तो कानाशी हलवून बघायचे. "तीनदा धुतला? धुतलेलं पाणी कुठं वतलं?" उत्तर "फवारणीच्या पंपात" असं आलं तरच गाडी पुढे. मग दाभण. बुडाला दोन भोकं, पोटाला दोन. टक्, टक्. नव्यासारखा, घट्ट झाकणाचा डबा एका मिनिटात निकामी. बायका हळहळायच्या, "अप्पा, कामून नासून राहिले? ताक न्यायला बरा व्हता." अप्पा म्हणायचे, "त्याच्यासाठीच नासतो, माय."

आमच्या भागात चांगली वस्तू फेकत नाहीत. त्याचा आम्हाला अभिमान आहे, आणि इथे तोच नडतो. औषध संपलं की डबा राखेनं घासायचा, दोन दिवस उन्हात ठेवायचा, वास गेला की शेतात पाणी न्यायला काढायचा. मजुरांसाठी एक डबा, पोरांसाठी एक. वास गेला म्हणजे विष गेलं, असा आमचा पक्का समज. कंपन्या डब्यावर कवटी छापतात आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात जबाबदारी झटकतात. ती अक्षरं वाचायला भिंग लागतं. अप्पांचं दाभण वाचावं लागत नव्हतं.

दुसरी गोष्ट म्हणजे रेघ. दुकानाच्या पायरीपासून चार हातांवर अप्पांनी चुन्याची पांढरी रेघ ओढलेली. लहान मूल त्या रेघेच्या अलीकडे येऊ शकत नव्हतं. बापानं कडेवर घेतलेलं असलं तरी नाही. "पोरगं रेघंच्या भायेर. तू आत ये." पोटुशी बाई आली तर अप्पा स्वतः उठून बाहेर जायचे, तिचं म्हणणं ऐकायचे आणि सामान तिच्या नवऱ्याच्याच हाती द्यायचे. दिवाळीच्या साफसफाईत धुऊन गेलेली रेघ पाडव्याला पुन्हा ओढलेली असायची.

मी त्यांना पहिल्यांदा भेटले ती भांडायलाच. लेकरांच्या कॅन्सरबद्दल जागृती करणारी आमची संघटना नांदेडची, आणि मी तिच्यातली सगळ्यात मोठ्या आवाजाची मुलगी. कंधारवरून एसटीनं पत्रकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन आले होते. मथळा मीच लिहिला होता: 'तुमच्या लेकराला कॅन्सर कोण देतं?' विष विकणाऱ्याच्या दारावरच हे चिकटवायचं, असं ठरवूनच निघाले होते. खळ लावली, दाराशेजारच्या भिंतीवर कागद चिकटवला आणि वळले, तर मागे हे. पांढरं धोतर, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग.

"शरणार्थ," त्यांनी हात जोडून नमस्कार केला. "भिताडाला नको लावू, चुना निघंल. काचंला लाव. आधी मला वाचू दे."

उभ्याउभ्या त्यांनी पूर्ण पत्रक वाचलं. मी भांडायला दम धरून तयार.

"कागद चांगलाय. फवारलेले कपडे लेकराच्या कपड्यात धुऊ नका, बरोबर. औषध धान्याच्या खोलीत ठेवू नका, बरोबर. लेकरापाशी बिडी ओढू नका, लई बरोबर. पण ही पाचवी ओळ कुणासाठी लिवली?"

पाचवी ओळ माझी लाडकी होती. 'आई, तुझा एक निष्काळजीपणा तुझ्या बाळाचा जीव घेऊ शकतो!' शेवटी उद्गारचिन्ह.

"सगळ्या आयांसाठी," मी म्हणाले.

"हे वाचून आई काय करंल? रडंल. सासू काय करंल? बोट दाखवंल. बाप भायेर जाऊन बिडी पेटवंल. मग डबा कोण फोडंल?"

मी म्हणाले, विष विकून शहाणपण सांगणं सोपं असतं. ते हसले. "सोपं न्हाई, बाय. गिऱ्हाईक तुटतं. पण धंदा म्हणजे आमच्यात कायक, कामातली पूजा. कायकात खोट चालत न्हाई. मी विकलो न्हाई तर शेजारी विकंल, आन् तो डबा फोडत न्हाई." मग मी ते विचारलं, जे आजही आठवलं की माझे कान गरम होतात. "तुमच्या घरात कुणाला झाला होता का कॅन्सर?"

"घरातलं कुणी मेल्याबिगर माणसाला अक्कल येऊच नये का?"

पाचवी ओळ मी बदलली नाही. त्या वयात माणूस छापलेल्या ओळीशी लग्न लावून बसतं. पत्रकं वाटली, वाड्यावस्त्यांवर गेले, गिरण्यांच्या भिंतींवर लावली. अप्पांच्या दुकानात मात्र येत राहिले. ते मला 'पत्रकवाली' म्हणायचे. "ये पत्रकवाली, आज कुणाला फासावर लटकवायचंय?"

मग सोयाबीनच्या फवारणीच्या दिवसांत त्यांचा फोन आला. आवाजात चेष्टा नव्हती. "पहिल्या गाडीनं ये. तुझा कागद घिऊन ये."

ज्ञानोबा नावाचं त्यांचं जुनं गिऱ्हाईक औषध न्यायला आलं होतं. रिकामा मागितला तर तो पुढे करून म्हणाला, "घरात पाण्याला व्हते ते सगळे डबे इहिरीत फेकून दिले, अप्पा. माझ्या बायकूनं त्यातल्याच डब्यातलं पाणी लेकीला पाजलं. लेकीला रोग लागलाय." कोणता रोग? "गिरणीच्या भिताडावर लिवलंय तो." दवाखान्यात नेली? "न्हाई."

वाडीचं नाव लिहीत नाही. त्या घराकडे आधीच पुष्कळ बोटं दाखवून झाली आहेत. ऐन हंगामात, दारात गिऱ्हाइकांची रांग असताना अप्पांनी शटर ओढलं आणि आम्ही ज्ञानोबाच्या मोटारसायकलमागे जीपनं गेलो. ओसरीवर त्याची आई बसलेली. तिला वाचता येत नव्हतं. गिरणीवाल्यानं मोठ्यानं वाचून दाखवलेली माझी पाचवी ओळ तिला तोंडपाठ होती. आम्ही बसायच्या आत तिनं ती म्हणून दाखवली, उद्गारचिन्हासकट, आणि बोट चुलीकडे केलं. चुलीपाशी संगीता, ज्ञानोबाची बायको. तिच्या मांडीवर चार वर्षांची दुर्गा.

पोरगी कागदासारखी पांढरी. नडगीवर निळे डाग, न पडता उठलेले. महिन्यात तिसरा ताप. पाय दुखतात म्हणून चालायला नको म्हणायची. आणि आईनं ते डाग बारा दिवस लांब परकराखाली झाकून ठेवले होते. डाक्तर विचारतील, डबा कुणी दिला. मग काय सांगायचं? सासू माहेरी धाडील, आणि पोरगी इथंच राहील. बारा दिवस! आजाराला एवढी फुकट मुदत माझ्या एका ओळीनं दिली होती.

अप्पा म्हातारीच्या समोर मांडी घालून बसले.

"मावशी, बोट चुकलंय तुमचं."

"कसं काय चुकलं? कागदातच हाय की!"

"डबा कुठनं आला? माझ्या दुकानातनं. रिकामा परत न घेता मी दिला. माझी चूक. बोट इकडं करा." आणि त्यांनी खरोखर म्हातारीचा हात धरून तिचं बोट स्वतःच्या छातीकडे वळवलं. "आता मला काय बोलायचं ते बोला. पर आधी पोरगी उचला."

म्हातारी बावचळली. एवढ्या मोठ्या माणसाला शिव्या द्यायची तिची तयारी नव्हती. "तसं न्हाई, अप्पा..." म्हणत राहिली.

"आन् दुसरं आयका. डब्यानंच झालं, असं कुणीच सांगू शकत न्हाई. मी न्हाई, ही पत्रकवाली न्हाई, गिरणीवाला तर न्हाईच न्हाई. डबा वाईट हाय, तो फोडायचाच. पर पोरगी का आजारी पडली, ते मागून बघू. पोरगी आजारी हाय, हे मला ह्या फुटक्या चष्म्यातनं बी दिसून राहिलंय." मग संगीताकडे वळून, आवाज खाली आणून म्हणाले, "अव्वा, ऊठ. तुला कुणी काय विचारलं तर बसवणप्पाकडं बोट दाखव."

संगीता उठली. बारा दिवसांत पहिल्यांदा तिनं परकर वर करून डाग मोजून दाखवले.

लातूरला त्याच दिवशी रक्त तपासलं. पुढच्या तपासण्यांनी रक्ताचा कॅन्सर नक्की केला. डॉक्टरीणबाईंनी ज्ञानोबाला, संगीताला आणि हट्टानं सोबत आलेल्या म्हातारीला समोर बसवून सांगितलं की लहान मुलांच्या बहुतेक कॅन्सरचं कारण सापडतच नाही. आईनं काय केलं, काय खाल्लं, याच्याशी एका लेकराच्या आजाराची गाठ घालता येत नाही. कीटकनाशकं, बिडीचा धूर लेकरांपासून लांब ठेवावा, त्यानं धोका कमी होतो. ते सगळ्यांनीच करावं. पण हा आजार बरा होऊ शकतो, आणि त्यासाठी उपचार मधेच सोडायचे नाहीत, हे आज जास्त महत्त्वाचं. म्हातारीनं विचारलं, "म्हंजी सुनंचं काय न्हाई?" "काही नाही." म्हातारीनं पदराखालून केळ काढलं, सोललं आणि सुनेच्या हातात दिलं. माफी मागायची आमच्याकडे हीच रीत.

परतीच्या एसटीत मी अप्पांना म्हणाले, "तुम्ही एवढे काटेकोर, आणि तो डबा तुमच्या हातून सुटला कसा?"

"कोणता डबा?"

"ज्ञानोबाचा."

अप्पा खिडकीतून बघत म्हणाले, "माझ्याकडून नेलेला प्रत्येक डबा ज्ञानोबानं परत आणलाय. हा भायेरनं आणला असंल, सासुरवाडीहून आला असंल. मला काय मालूम?"

"मग खोटं बोललात?"

"बोट उचललेलंच व्हतं. ते कुठंतरी टेकणारच. माझी छाती रुंद हाय, लेकराच्या आईची न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू बी रुंद कर. नुसता आवाज मोठा करून राहिलीस."

पाचवी ओळ मी त्याच आठवड्यात खोडली. नवीन पत्रक अप्पांनी गल्ल्यावर बसून सांगितलं आणि मी लिहिलं. घरानं काय करायचं ते 'घरानं' म्हणूनच लिहायचं, 'आईनं' म्हणून नाही, ही त्यांची अट. डबा भोकं पाडून निकामी करा. फवारून आलात तर अंघोळ करून मग लेकराला घ्या. गरोदर बाईला फवारणीच्या रानात पाठवू नका. बिडी उंबऱ्याबाहेर, तीही सुटली तर उत्तम. लेकराचं लसीकरण चुकवू नका. आणि सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात: पुन्हापुन्हा ताप, पांढरं पडणं, न पडता उठलेले डाग, हाडं दुखणं, अंगावर गाठ, डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक — यातलं काही दिसलं तर कुणाची चूक ते शोधत बसू नका, दवाखान्यात न्या. "हे वर घे," अप्पा म्हणाले. "कोण चुकलं ते खाली बी नको." नांदेडच्या कार्यालयात एकजण म्हणाला, यात जोर कमी झालाय. मी त्याला वाडीत घेऊन गेले आणि ती ओसरी दाखवली.

दुर्गाचे उपचार लांबले. केस गेले, आले. मधे एकदा ज्ञानोबा कंटाळला, "आता बरीच दिसते की" म्हणाला, तेव्हा अप्पांनी त्याला औषध विकायचं बंद केलं. "लेकीची तारीख पाळ, मग सोयाबीनचं बघू." ज्ञानोबानं पुढची एकही तारीख चुकवली नाही. उपचार संपल्याचं डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी अप्पांनी दुकानात पेढे ठेवले, रेघेबाहेर, खुर्चीवर.

गेल्या हिवाळ्यात अप्पा गेले. झोपेत, काही न मागता. आमच्याकडे त्यांच्या समाजात बसवून समाधी देतात. मांडी घातलेले, मान ताठ, कपाळाला भस्म. गल्ल्यावर बसायचे अगदी तसे. मला वाटलं, आता चष्म्यावरून बघून विचारतील, रिकामा आणला का?

त्यांच्या मुलानं दुकानासमोर नवी फरशी घातली. चुन्याची रेघ फरशीखाली गेली. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्याला सांगून बघितलं, आता ते डब्याचं लफडं बंद कर, गिऱ्हाईक वाढंल. तो कुणाला हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. दाभण खिळ्याला तसंच होतं.

या फवारणीला मी दुकानात पत्रकं द्यायला गेले होते तेव्हा ज्ञानोबा आला. सोबत दुर्गा, दुसरीतली, दोन वेण्या घट्ट बांधलेल्या. बाप पायरी चढून आत आला. पोरगी मागेच थांबली. फरशी कोरी, कुठे खूण नाही, आणि ती बरोबर चार हातांवर पाय जुळवून उभी.

मुलानं सवयीनं विचारलं, "काय पायजे?"

ज्ञानोबा बोलायच्या आत बाहेरून खणखणीत आवाज आला, "आधी रिकामा घ्या, काका! मग इचारा!"

मुलानं एकदा तिच्याकडे बघितलं. मग खिळ्यावरचं दाभण काढलं.