तांबेभाऊचा प्रेसिडेंट

तांबेभाऊ गेला.

सकाळी सातला फोन आला. आता दहा वाजलेत, मी अजून त्याच खुर्चीवर बसलोय. आजची पूजाही राहिली.

फक्त तो गेला म्हणून नाही. त्याची मुलगी वैशाली फोनवर जे बोलली, त्यामुळे.

पंचवीस वर्षांपूर्वी शारजात आम्ही सहा जण एका खोलीत राहायचो. मी तेवीस-चोवीसचा, साइटवर स्टोअरकीपर. भाऊ चाळिशीचा, प्लंबर, आमच्याच रत्नागिरीकडचा. मी रोज उदबत्ती लावायचो म्हणून मला बुवा म्हणायचा.

दुबईच्या जुमेऱ्यात एका व्हिलाचे नळ बदलताना त्याला कचऱ्यात एक इंग्रजी पुस्तक मिळालं. पहिली पानं फाटलेली. अमेरिकेतल्या दीडशे वर्षांपूर्वीच्या एका युनिव्हर्सिटी प्रेसिडेंटचं चरित्र. प्रेसिडेंट म्हणजे आपल्याकडचा कुलगुरू.

त्याचं नाव आता आठवत नाही. आमच्यासाठी तो नुसता प्रेसिडेंट.

कंपनीची बस रोज दुबईच्या रस्त्यावर तास-दीड तास अडकायची. तेवढ्यात भाऊ वाचायचा आणि आम्हाला मराठीत सांगायचा. मग पठाण ड्रायव्हरसाठी परत हिंदीत.

उघड्या माळावर दोन खोल्यांत सुरू केलेलं विद्यापीठ. प्रेसिडेंटने मुलींना वर्गात घ्यायचं ठरवलं, तर विद्यापीठाच्या मंडळातले लोक उलटले. मुली राहणार कुठे, म्हणाले.

त्याने स्वतःचं घर मुलींना दिलं आणि बायकोपोरं घेऊन भाड्याच्या खोलीत गेला.

"फिर लडकी लोग आया?" ड्रायव्हर.

"आया ना. सामान लेके आया."

एका पानावर भाऊ अडला. मुलींच्या राहण्याची सोय सुरू झाली त्या दिवशी, ज्या सभासदाने विरोधात मत दिलं होतं त्यालाच प्रेसिडेंटने प्रार्थना म्हणायला उभं केलं.

मी म्हटलं, "वेडाच दिसतोय. ज्याने पाय ओढले, त्यालाच देवासमोर उभा करायचा?"

"तू देवाचा माणूस, तुला कळायला पाहिजे," भाऊ म्हणाला. "मला अजून नाही कळलं. बघू."

त्याच सुमारास गावाहून पत्र आलं. भाऊच्या थोरल्या भावाने, अण्णांनी, वैशालीसाठी स्थळ बघितलं होतं. पोरगी बारावीला. तिला पुढे शिकायचं होतं.

फोनवर दोन मिनिटांत अण्णा काय ऐकणार? तेव्हा आमच्यात रजेवर जाणाऱ्याबरोबर घरी कॅसेट पाठवायची पद्धत होती. भाऊने शुक्रवारी बसून कॅसेट भरली. सगळा प्रेसिडेंट सांगितला. शेवटी म्हणाला, अण्णा, साखरपुडा करू नका, पोरीला कॉलेजात घालतोय.

मी शिमग्याला गावी निघालो होतो. भाऊने कॅसेट हातात दिली.

"पोचल्या पोचल्या दे रे बुवा."

"दुसऱ्या दिवशी देतो."

घरी गेलो, तर गावात देवाची पालखी बाहेर पडलेली. ती आमच्या दारी यायची होती. दोन वर्षांनी आलेला माणूस, पाय निघेना.

खोलीतल्या लोकांना ऐकवायला नवीन टू-इन-वन टेपवर ढोल रेकॉर्ड केले.

सहाव्या दिवशी भाऊच्या गावी गेलो. माझी आणि त्याची, दोन्ही कॅसेट एकसारख्या. तिथे लावून बघितल्या. जिच्यात भाऊचा आवाज आला ती दिली, दुसरी बॅगेत टाकली.

साखरपुडा आदल्या दिवशी झाला होता.

शारजात परत आलो. खाली मान घालून म्हटलं, "भाऊ, मला ताप आला होता. पडून होतो."

"आता बरा आहेस ना?" एवढंच विचारलं त्याने.

माझी कॅसेट लावली, तर कोरी. पोरं हसली, "बुवा, देव रुसला तुझ्यावर."

कंपनीने भाऊला रजा दिली नाही. त्याने व्हिसा कॅन्सल केला. खलास. गावी जाऊन साखरपुडा मोडला, अण्णांशी बोलणं तुटलं, वैशालीला कॉलेजात घातलं. पुन्हा दुबई नाही. तालुक्याला नळ दुरुस्त करत राहिला.

पुढे वैशाली कॉलेजात शिकवायला लागली. त्यानिमित्त भाऊच्या घरी पूजा होती. मी रजेवर होतो, भाऊने मुद्दाम बोलावून घेतलं. तोवर अण्णाही यायला लागले होते. चारचौघांत भाऊ म्हणाला, "नारळ बुवा फोडेल."

मी फोडला. मनात म्हटलं, याला काही माहीत नाही.

आज वैशाली म्हणाली, "काका, ती कॅसेट आहे अजून. दर शिमग्याला बाबा दुसरी बाजू लावायचे. तुमच्या पालखीचे ढोल आहेत ना त्यावर."

म्हणजे मी ढोल भाऊच्याच कॅसेटवर भरले होते.

"तुमची आईपण बोलते मध्येच. त्या माणसाची कॅसेट द्यायची आहे ना रे? आणि तुम्ही म्हणता, राहू दे गं, पालखी होऊ दे. चार दिवसांनी काय बिघडतंय."

"बाबांनी कधी ऐकलं हे?"

"गावी आले त्याच आठवड्यात. मला म्हणाले, बुवाला बोलू नकोस कधी."

म्हणजे नारळ माझ्या हातात दिला, तेव्हा त्याला सगळं माहीत होतं.

भाऊ, ते पान तुला कळलं होतं.

मला ताप नव्हता. तुझ्या पायाशी येऊन सांगायचं होतं, ते राहून गेलं. आता इथेच लिहून सांगतो, सगळ्यांसमोर.

दुपारच्या गाडीने निघतोय. आज वाटेत कुठेही थांबणार नाही.

नमस्कार, भाऊ.