जोडीचा खेळ

माझी मुलगी नववीत आहे. शाळेच्या रोबोटिक्स संघात रोबोट चालवायचं काम तिच्याकडे असतं. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. रोबोटमधलं मला काही कळत नाही, पण गेल्या वर्षीचा खेळ बघताक्षणी कळला होता. गोल रिंगण, त्यात दोन रोबोट, जो दुसऱ्याला रेघेबाहेर ढकलेल तो जिंकला. आमच्या गावच्या जत्रेतल्या कुस्त्याच त्या. मी खुर्चीवरून उठून ओरडत होते, शेजारचे पालकही ओरडत होते आणि मुलगी जिंकत गेली. त्यानंतर कितीतरी दिवस कारखान्यात मी तेच सांगत होते.

यंदा खेळ बदलला. मी भाकऱ्या थापत असताना मुलीनं समजावलं होतं. आता चिठ्ठ्या टाकून दोन शाळांची जोडी लावतात, दोघांनी मिळून ठोकळे रचायचे, आणि शेवटी दोन्ही रोबोटांनी एकाच लाकडी चढावर चढून थांबायचं. मी हं हं म्हणत होते. मनात मात्र गेल्या वर्षीचंच रिंगण होतं.

स्पर्धा एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉलमध्ये होती. माझ्या शेजारी करकंबहून आलेली एक बाई बसली होती. तिची मुलगी पहिल्यांदाच खेळत होती. लगेच आमचं जमलं. तिनं डबा उघडून मला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी दिली. खाता खाता मी मोठी जाणकार असल्यासारखी तिला सांगत होते, की शेवटी जोर लावणाराच जिंकतो. ती ऐकून घेत होती.

मग माझ्या मुलीचा डाव लागला. शेवटच्या क्षणांत तिचा रोबोट चढापाशी आला, तर पुढं एक निळा, बुटका रोबोट हळूहळू चढत होता. वाट अडली होती. वेळ संपत आली म्हणून सगळा हॉल श्वास रोखून बसला होता. त्या शांततेत मी उभी राहिले आणि ओरडले, "ढकल की त्याला! पाड खाली!"

मुलगी दचकली. हातातला कंट्रोलर हलला आणि तिचा रोबोट निळ्याला मागून धडकला. निळा चढावरून कलंडून खाली पडला. त्याचं एक चाक निसटून पार खुर्च्यांपर्यंत आलं.

शेजारची बाई हळूच म्हणाली, "ताई, त्यो आमच्या पोरीचा हाय. दोगींनी मिळून चढायचं हुतं की."

मी खाली बसले. तिच्या डब्यातली चटणी अजून माझ्या बोटांना होती. चुकून झालं, मला कळलं नाही, असं काहीबाही मी म्हणाले. तिनं मान हलवली आणि डब्याचं झाकण लावलं. पंचांनी माईकवरून सांगितलं, की पालकांनी बाहेरून सूचना देऊ नयेत. माझं नाव कुणी घेतलं नाही, पण पुढच्या रांगेतली माणसं मागं वळून बघत होती. मुलीनं तेवढं वर पाहिलं नाही.

करकंबच्या मुलींना त्यापुढचा डाव सोडावा लागला. मी दुरुस्तीच्या टेबलांकडं गेले. तिथं पालकांना मज्जाव होता. दारातून दिसलं, माझी मुलगी आमच्या संघाचं जादा चाक घेऊन त्यांच्या रोबोटपाशी उकिडवी बसली होती. मला बघून ती उठून आली आणि म्हणाली, "आई, तू जा ना घरी." मी गेले नाही. मागच्या भिंतीला टेकून संध्याकाळपर्यंत उभी राहिले, खुर्चीवर परत जायचा धीर झाला नाही.

दोन्ही शाळा अंतिम फेरीच्या आधीच बाहेर पडल्या. स्कूटीवर ती माझ्यामागं बसली होती. सिग्नलला थांबल्यावर म्हणाली, "मला मागचा खेळ आवडतच नव्हता. ज्यांना आम्ही ढकलायचो ना, ते नंतर टेबलापाशी रडायचे. तुला लई आवडायचा म्हणून बोलले नाही."

तिच्या जिंकण्याचं कौतुक करत फिरले होते मी. तिला काय वाटतं ते एकदाही विचारलं नव्हतं. सिग्नल सुटला, मागच्यानं हॉर्न वाजवला, तरी मला गाडी पुढं नेण्याचं भान नव्हतं.

माझ्या मुलीनं आणि करकंबच्या मुलीनं एकमेकींचे फोन नंबर घेतले होते. मी मुलीला म्हटलं, तिच्या आईला माझ्याकडून माफी सांग. ती म्हणाली, "तूच बोल." आठवडाभर मी टाळलं. मग एका दुपारच्या सुट्टीत, पॅकिंगच्या खोक्यांमागं उभी राहून फोन लावला. मी कोण ते सांगायला लागले, तर पलीकडून ती बाई म्हणाली, "व्हय, आवाजावरनंच वळकलं मी."

माझे कान तापले. मी माफी मागितली. ती म्हणाली, की पोरगी चार दिवस रुसली होती, पण आता नव्या चाकावर सराव करते. पुढच्या वेळी परत जोडी लागली तर बरंच होईल, असं पोरगीच म्हणते. स्वतःला काय वाटतं ते तिनं सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

आता जेवताना मुलगी खेळाचं सांगायला लागली की मी हातातलं काम ठेवते. परवा तिनं ताटातल्या दोन वाट्या समोरासमोर मांडून मला चाली दाखवल्या. मला अजून नीट समजत नाही. मी परत विचारते, ती परत सांगते.